क्ष-किरणांची साक्ष

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा कामगार-कायदा किंवा महागाई-भत्ता असे काहीतरी उत्तर येईल अशी त्यांची समजूत असावी. 'कृष्णविवरांचे उद्रेक आणि त्यांतील क्ष-किरणांचे चढउतार' असे आम्ही सांगताच ते क्षणभर गप्प झाले. त्यांचा दोष नाही. ज्याचे शाळेतले शिक्षण आठवीतच थांबले आणि पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले, त्याने हजारो प्रकाशवर्षांपलीकडच्या गोष्टी बोलाव्यात, हे कोणालाही चमत्कारिकच वाटेल. पण या विषयाकडे आम्ही वळलो ते आकाशाच्या हौसेने नव्हे. वळलो ते एका चुकीमुळे, आणि ती चूक आमचीच होती. प्रथम तीच सांगतो, म्हणजे पुढचे समजावयास सोपे जाईल.

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात रात्रपाळी बंद करून कामगारांना ले-ऑफ दिला होता. काम नाही, असे मालकांचे म्हणणे. आमच्या युनियनचा एक सभासद तेथे वायरमन होता. त्याने आठ रात्री जागून विजेच्या मीटरचे आकडे दर पाच मिनिटांनी वहीत टिपून आणले. आम्ही ते चौकटीच्या कागदावर मांडले. पाहतो तो काय, रात्रभर ठराविक अंतराने वीज चढत होती आणि उतरत होती. आमची खात्री पटली, की आत कंत्राटी माणसे लावून चोरून यंत्रे चालविली जात आहेत. आम्ही पत्रक छापले, गेटसभा घेतली, नको तेवढ्या जोरात बोललो. चौकशीत निघाले ते वेगळेच. आत एका थंड खोलीचा कॉम्प्रेसर होता. खोलीचे तापमान चढले की तो आपोआप सुरू होई आणि उतरले की बंद पडे. आकडे खरे होते, आलेख खरा होता. खोटा होता तो आम्ही लावलेला अर्थ. त्या वायरमनला मात्र आठ महिने निलंबित राहावे लागले. त्या आठ महिन्यांत त्याच्या घरची चूल कशी पेटत होती, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

पुढे एके दिवशी वाचनालयात एका मासिकात आम्हांला तसाच आलेख दिसला. ठराविक अंतराने चढ, ठराविक अंतराने उतार. खाली लिहिले होते, की हे एका कृष्णविवराजवळून येणारे क्ष-किरण आहेत. आमच्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की हा कॉम्प्रेसर नव्हे कशावरून? त्या कारखान्यात निदान चौकशी-अधिकारी जाऊन येऊ शकला. येथे तर कोणालाच जाता येत नाही. मग या मंडळींनी अर्थ लावला कसा, आणि आपली चूक होत नाही हे ते ताडून पाहतात तरी कसे? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला जसे उमगले तसे येथे मांडीत आहोत.

कृष्णविवर म्हणजे ज्यातून प्रकाशदेखील बाहेर पडू शकत नाही अशी जागा, हे आता शाळेतली मुलेही सांगतात. मग शंका येते, की प्रकाश बाहेर येत नाही तर क्ष-किरण आले कोठून? ते आतून येत नाहीत. उंबरठ्याच्या बाहेरून येतात. पुष्कळसे तारे एकटे नसतात, जोडीने असतात. अशा जोडीतला एक तारा मरून त्याचे कृष्णविवर झाले आणि दुसरा अजून जिवंत असला, की कृष्णविवर त्या जोडीदाराचा वायू आपल्याकडे ओढू लागते. हा वायू सरळ आत पडत नाही. तो गरगर फिरत एका सपाट तबकडीत गोळा होतो आणि घर्षणाने तापत तापत आत सरकतो. तबकडीच्या आतल्या काठापाशी उष्णता एक कोटी अंशांच्या घरात जाते. इतका तापलेला वायू क्ष-किरण टाकतो. त्याखेरीज आतल्या भागाजवळ त्याहूनही कितीतरी तप्त अशा इलेक्ट्रॉनांचा विरळ ढग असतो. त्याला प्रभामंडल म्हणतात, आणि अधिक भेदक क्ष-किरण त्याच्याकडून येतात. तेव्हा आपण पाहतो ते कृष्णविवर नव्हे, त्याच्या दारातली गर्दी पाहतो. दाराच्या आत काय आहे याचा तर्क त्या गर्दीच्या हालचालीवरून करावयाचा.

हे क्ष-किरण जमिनीवर पोचत नाहीत. पृथ्वीची हवा त्यांना अडविते. म्हणून हे शास्त्र तसे तरुण आहे. १९६२ साली रिकार्दो जाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉकेटमधून यंत्र वर पाठविले, तेव्हा सूर्यमालेबाहेरचा क्ष-किरणांचा पहिला उगम सापडला. जाकोनींना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते या कामगिरीबद्दल. डिसेंबर १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळून एक उपग्रह सोडण्यात आला. तो दिवस केनियाचा स्वातंत्र्यदिन होता, म्हणून त्याला 'उहुरू' हे नाव दिले. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ स्वातंत्र्य. या उहुरूने हंस तारकापुंजातील 'सिग्नस एक्स-१' या उगमाकडे पाहिले, आणि १९७१ साली कळले की त्याचे तेज एका सेकंदाच्या छोट्याशा अंशातही कमीजास्त होते.

यात एवढे विशेष काय, असे कोणी विचारील. मोर्चाचे उदाहरण घ्या. मैलभर लांबीचा मोर्चा असला, तर पुढच्याने दिलेली घोषणा शेवटच्यापर्यंत पोचावयास वेळ लागतो. म्हणून दूर उभ्या असलेल्या माणसाला लांबलचक मोर्चातून एकच तुटक घोषणा कधी ऐकू येत नाही. लांबलेला कल्लोळ ऐकू येतो. तुटक, चटकन उठून चटकन थांबणारी घोषणा ऐकू आली, की समजावे, माणसे थोड्या जागेत उभी आहेत. प्रकाशाचेही तसेच. विश्वात प्रकाशाहून जलद काही धावत नाही, आणि तो सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. एखाद्या उगमाचे तेज सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात बदलत असेल, तर तो उगम तीस हजार किलोमीटरांहून फारसा मोठा असू शकत नाही. सूर्याचा व्यास सुमारे चौदा लाख किलोमीटर आहे. म्हणजे सूर्यासारख्या हजारो ताऱ्यांइतके तेज टाकणारी ही वस्तू सूर्याच्या मानाने ठिपक्याएवढी! त्याच सुमारास, १९७१-७२ मध्ये, वेब्स्टर आणि मर्डिन यांनी, तसेच स्वतंत्रपणे बोल्टन यांनी, तिचा जोडीदार तारा साडेपाच-पावणेसहा दिवसांत एक फेरी घालतो हे दाखविले. त्या फेरीवरून न दिसणाऱ्या वस्तूचे वजन निघाले. २०२१ सालच्या मोजणीप्रमाणे ते सूर्याच्या सुमारे २१ पट आहे. इतके वजन, इतक्या लहान जागेत. लुकलुकीची ही पहिली साक्ष.

पण येथेच एक सावधगिरीची गोष्टही घडली. उहुरूचे आकडे पाहून प्रथम असे वाटले होते, की या लुकलुकीत घड्याळासारखा नियमित ठोका आहे. पुढे अधिक निरीक्षणे झाली आणि ठरले, की ठोका नियमित नाही. चढउतार आहेत पण ते बेशिस्त आहेत. पहिला अर्थ सोडून द्यावा लागला. आकडे मात्र तसेच राहिले. हे वाचले तेव्हा आम्हांला मनातून थोडा धीर आला, हे कबूल करतो.

सिग्नस एक्स-१ सदैव तळपत असते. पण कृष्णविवरांच्या बहुतेक जोड्या तशा नसतात. त्या वर्षानुवर्षे निपचित असतात आणि एके दिवशी एकाएकी भडकतात. यालाच उद्रेक म्हणतात. कोल्हापूरकडच्या वाचकांना राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे ठाऊक आहेत. पाणी ठराविक पातळीला चढले की ते कोणी हात न लावता उघडतात, आणि पातळी उतरली की मिटतात. तबकडीचे काहीसे तसेच आहे. ती थंड असते तोवर तिच्यातला वायू आत फारसा सरकत नाही. जोडीदाराकडून आलेला माल साठत राहतो. साठता साठता उष्णता काही हजार अंशांवर गेली, की हायड्रोजनच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होऊ लागतात. त्यासरशी घर्षण वाढते, घर्षणाने उष्णता आणखी वाढते, आणि वर्षांचा साठा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आत घसरतो. हंस तारकापुंजातच 'व्ही ४०४ सिग्नी' नावाची अशी एक जोडी आहे. ती १९३८ साली भडकली तेव्हा लोकांनी तिला साधा नवतारा समजून नोंद केली. १९८९ साली ती पुन्हा भडकली तेव्हा जपानच्या 'गिंगा' उपग्रहाने तिचे क्ष-किरण टिपले. पुढे जून २०१५ मध्येही ती भडकली. तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

उद्रेकाच्या काळात लुकलुक एकसारखी राहत नाही, आणि हाच आमच्या विषयाचा गाभा आहे. सामान्यतः क्रम असा असतो. आरंभी क्ष-किरण भेदक असतात आणि लुकलुक जबरदस्त असते. तेजाचा जवळजवळ तिसरा हिस्सा सारखा खालीवर होत असतो. त्या गोंधळात एक मंद ठेकाही ऐकू येतो, अगदी पक्का नव्हे, पण ओळखता येईल असा. उद्रेक चढत जातो तसा हा ठेका जलद होत जातो. काही सेकंदांत एकदा होता तो सेकंदाला काही वेळा होतो. मग थोड्याच दिवसांत नूर पालटतो. क्ष-किरण मृदू होतात, म्हणजे तबकडीच्या उष्णतेचे होतात, आणि लुकलुक शेकडा दोनचारावर येते. प्रभामंडलाचा आवाज बंद पडतो आणि तबकडी शांतपणे तळपू लागते. शेवटी उतरत्या काळात पुन्हा पहिली अवस्था येते. चांगला जॉबर डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगतो, की माग नीट चालला आहे की धोटा अडखळतो आहे. तसे हे जाणकार नुसत्या लुकलुकीवरून सांगतात, की उद्रेक कोणत्या टप्प्यावर आहे. पुष्कळ उद्रेकांत हा क्रम तपासून झालेला आहे.

या साऱ्या क्रमाला न जुमानणारी एक जोडी मात्र आहे, आणि मासिकातला तो आलेख तिचाच होता. श्रवणाचा तारा ज्या गरुड तारकापुंजात आहे त्यातच ती आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये रशियाच्या 'ग्रानाट' उपग्रहावरील यंत्राला ती सापडली. तिचे नाव 'जीआरएस १९१५+१०५'. नावातले आकडे म्हणजे आकाशातला पत्ता. अंतर सुमारे तीस हजार प्रकाशवर्षे. कृष्णविवराचे वजन सूर्याच्या सुमारे बारा पट. जोडीदार एक फुगलेला जुना तारा, आणि एक फेरी होते चौतीस दिवसांच्या आसपास. एवढी मोठी कक्षा म्हणून तबकडीही प्रचंड, आणि साठाही प्रचंड. तिचा उद्रेक पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालला त्याचे कारण हेच मानतात. बारा सूर्यांचे कृष्णविवर केवढे असेल? ते स्वतःभोवती फिरत नाही असे धरले, तर त्याच्या उंबरठ्याचा व्यास सुमारे सत्तर किलोमीटर येतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून निघालेली लोकल बदलापूरला पोचेपर्यंत कापते तेवढे हे अंतर. फिरत असेल तर याहूनही कमी.

डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेने 'रॉसी' हा उपग्रह सोडला. तो २०१२ च्या आरंभापर्यंत काम करीत होता, आणि सेकंदाच्या लाखांश भागांतले बदल मोजू शकत होता. त्याने या जोडीचे जे आलेख पाठविले ते पाहून भल्याभल्यांची मती गुंग झाली. कधी तेज अर्धा तास खाली बसे, मग एक उंच सुळका येई, मग थरथर, मग पुन्हा खाली. कधी पन्नासएक सेकंदांना एकदा, छातीच्या ठोक्याच्या पट्टीवर दिसतात तसे टोक एकामागून एक येत राहत. कधी काहीच नाही. २००० साली बेल्लोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ व १९९७ या दोन वर्षांतली १६३ निरीक्षणे पुढे ठेवून त्यांची वर्गवारी केली. बारा नमुने निघाले. पुढे त्यांत आणखी दोनाची भर पडली. महत्त्वाची गोष्ट ही, की तेच नमुने पुन्हा पुन्हा येत होते, मध्ये महिने गेले तरी ओळखता येतील असे. आणि बाराही नमुने तीनच मूळ अवस्थांच्या अदलाबदलीने घडले होते. म्हणजे हा गोंधळ नव्हता. यंत्र एकच होते आणि ते थोड्याच रीतींनी चालत होते.

त्याच उपग्रहाला आणखी एक गोष्ट दिसली: सेकंदाला ६७ वेळा होणारा एक बारीक कंप. आम्ही वाचनालयात बसून केप्लरच्या नियमाने हिशेब करून पाहिला. बारा सूर्यांच्या वजनाभोवती एखादा वायूचा गोळा सेकंदाला ६७ फेऱ्या घालीत असेल, तर तो केंद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटरांवर असला पाहिजे, आणि त्याचा वेग सेकंदाला ऐंशी-नव्वद हजार किलोमीटर भरतो. तो कंप खरोखरी फेऱ्यांचाच आहे की तबकडीच्या दुसऱ्या कसल्या डोलण्याचा, याबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नाही. पण इतक्या जलद थरथरावयाचे तर जागा उंबरठ्याजवळचीच हवी, एवढे हिशेबाने कळते. ही दुसरी साक्ष.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. अर्धा अर्धा तास तेज खाली बसते तेव्हा काय होते? १९९७ साली बेल्लोनी व इतरांनी सांगितले, की तबकडीचा आतला भाग एकदम रिकामा होतो, आणि बाहेरून वायू येऊन तो भरेपर्यंत तेज खाली राहते. नुसते सांगितले असते तर ते आमच्या पत्रकासारखेच झाले असते. पण त्यांनी ताडून पाहिले. क्ष-किरणांच्या रंगावरून रिकामी जागा किती मोठी आहे ते काढले, आणि घड्याळावरून खाली बसण्याचा काळ किती ते काढले. जागा मोठी तेव्हा काळ मोठा, जागा लहान तेव्हा काळ लहान, असा मेळ बसला. दोन वेगवेगळ्या वह्या एकमेकींशी जुळल्या.

तरी एक प्रश्न उरतोच: रिकाम्या झालेल्या भागातला माल गेला कोठे? कारखान्यात माल कमी भरला तर आपण आवक-जावक पाहतो. तो खपला, की मागच्या दाराने बाहेर गेला?

या प्रश्नाशी मुंबईचा संबंध आहे, आणि तो सांगण्यात आम्हांला अभिमान वाटतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि भारतीय अवकाश संशोधन संघटनेत मिळून बनविलेली क्ष-किरणांची गणकयंत्रे मार्च १९९६ मध्ये श्रीहरिकोट्याहून 'आयआरएस-पी३' या उपग्रहाबरोबर वर गेली. परदेशी यंत्रांच्या मानाने ती लहान होती. पण त्यांनी १९९७ साली याच जोडीचे नियमित स्फोट टिपले. बिश्वजित पॉल, अग्रवाल, राव आदि मंडळींनी पाहिले, की त्यांतले कित्येक स्फोट सावकाश चढतात आणि एकदम कोसळतात. आणि कोसळण्यापूर्वी क्ष-किरण सर्वांत भेदक झालेले असतात. एरवी तापलेली वस्तू सावकाश निवते. ही मात्र दिवा मालवावा तशी मालवते. १९९८ साली त्यांनी लिहिले, की हा वायू कृष्णविवराच्या उंबरठ्यापलीकडे नाहीसा होत असल्याचा शक्य असा पुरावा आहे. 'शक्य असा' हे त्यांचेच शब्द, लेखाच्या मथळ्यात छापलेले. आमच्या पत्रकाच्या मथळ्यात ते शब्द नव्हते.

आणि तो शब्द घातला हे बरेच झाले, कारण दुसरी जावक सापडली. १९९४ साली मिराबेल आणि रॉड्रिगेझ यांनी रेडिओ दुर्बिणीने दाखविले होते, की ही जोडी प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे नव्वद टक्के वेगाने वायूचे गोळे दोन्ही बाजूंना फेकते. सप्टेंबर १९९७ मध्ये एकाच वेळी क्ष-किरण, अवरक्त आणि रेडिओ अशा तिन्ही यंत्रांनी तिच्याकडे पाहण्यात आले. क्ष-किरणांचे तेज खाली बसले. ते परत उसळत असतानाच अवरक्त तेज चढू लागले. आणि त्यामागून रेडिओ तेज. म्हणजे तबकडी रिकामी होण्याचा आणि झोत बाहेर पडण्याचा संबंध आहे. सगळाच माल पोटात जात नाही. काही मागच्या दाराने बाहेर पडतो. नुसत्या क्ष-किरणांच्या आलेखावर विसंबून राहिले असते, तर हे कळले नसते. कारखान्यात आम्ही एकच मीटर वाचले होते.

मग उंबरठा खरोखर आहे याला काहीच आधार नाही का? आहे, आणि तो आम्हांला फार आवडतो, कारण तो न घडलेल्या गोष्टीचा आहे. न्यूट्रॉन तारेही असेच लहान, जड आणि जोडीदाराचा वायू ओढणारे असतात. पण त्यांना पृष्ठभाग असतो. पृष्ठभागावर वायू साठतो, दाबाने तापतो आणि अणुस्फोटासारखा पेटतो. हे स्फोट काही सेकंद ते काही मिनिटे टिकतात आणि शास्त्रज्ञ ते १९७५-७६ पासून ओळखतात. वजनावरून जी कृष्णविवरे ठरली आहेत त्यांच्याकडून असे स्फोट आलेले नाहीत. वायू पडतो, पण साठण्यासाठी जमीनच नाही, हा त्याचा सरळ अर्थ. आयुष्यभर गेटवर उभे राहिलेला माणूस जाणतो, की भोंगा झाला नाही हीदेखील बातमीच असते.

आता राहिली एक शंका. जीआरएस १९१५+१०५ ही एकच चमत्कारिक जोडी असेल, तर एका साक्षीदाराच्या जबानीवर किती विश्वास ठेवावा? पुष्कळ वर्षे हीच अडचण होती. समजूत अशी होती, की ही जोडी फारच तेजस्वी आहे, तेजाचा दाब आतल्या वायूला बाहेर ढकलतो, म्हणून हे ठोके पडतात. २०११ साली 'आयजीआर जे१७०९१-३६२४' या दुसऱ्या उगमात तसलेच ठोके सापडले, अधिक जलद, आणि कितीतरी मंद तेजाचे. मग आला जून २०१५, व्ही ४०४ सिग्नीचा उद्रेक. तो दोन आठवडेही धड टिकला नाही, पण तेवढ्यात तिचे तेज काही तासांत शेकडो पटींनी खालीवर झाले. जपानच्या किमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशोदेशींच्या निरीक्षकांची टिपणे एकत्र केली. त्यांत हौशी माणसे होती, आणि काहींच्या दुर्बिणी वीस सेंटिमीटर व्यासाच्या, म्हणजे जेवणाच्या ताटाहूनही लहान. त्यांना साध्या प्रकाशात पाच मिनिटांपासून अडीच तासांपर्यंतचे तेच ते ठोके दिसले, जे पूर्वी क्ष-किरणांतच दिसत असत. शिवाय हिशेब केल्यावर निघाले, की ठोके पडत होते तेव्हा आत पडणारा माल समजुतीपेक्षा पुष्कळ कमी होता. तेव्हा नुसत्या अतितेजाचे कारण पुरे पडेना. तबकडी मोठी आणि आत पोचणारा माल अपुरा, हे खरे कारण असावे असे किमुरांच्या मंडळींनी सुचविले. एका साक्षीदारावरून बांधलेले कारण दुसऱ्या दोघांनी दुरुस्त केले, आणि त्यांतल्या एकाची जबानी उपग्रहाविना, अंगणातून घेता आली.

हे काम संपलेले नाही. मार्च २०१८ मध्ये 'मॅक्सी जे१८२०+०७०' नावाची नवी जोडी भडकली. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या 'नायसर' यंत्राने तिची लुकलुक टिपली. प्रभामंडलात चमक झाली, की तबकडीवरून तिचा प्रतिध्वनी सेकंदाच्या अत्यंत लहान अंशाने मागाहून येतो. हा उशीर दिवसेंदिवस घटत गेला. कारा आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली अर्थ लावला, की तबकडी जागच्या जागी असून प्रभामंडल आकसत आहे. काही जणांना हे पटले नाही. त्यांच्या मते तबकडीचा काठच आत सरकत होता. दोघांचे आकडे एकच आहेत. वाद अर्थाचा आहे, आणि तो उघडपणे चालला आहे. २०१८ नंतर जीआरएस १९१५+१०५ देखील क्ष-किरणांत एकदम मंदावली. पण रेडिओ दुर्बिणींना ती जोरात दिसत राहिली, त्यावरून कळले की ती विझलेली नाही, दाट वायूच्या आडोशाला गेली आहे. येथेही दुसऱ्या मीटरनेच वाचविले. आपल्या देशाने सप्टेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या 'ॲस्ट्रोसॅट' उपग्रहावर कुलाब्यातच बनलेली मोठी गणकयंत्रे होती, आणि त्यांनीही या जोडीचे ठोके मोजले आहेत. यातले पुष्कळसे आकडे आज सर्वांना खुले आहेत. चौकटीचा कागद आणि चिकाटी असणाऱ्या कोणालाही ते मांडता येतात.

तेव्हा, हा कॉम्प्रेसर नव्हे कशावरून, या आमच्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. नुसत्या आलेखावरून नव्हेच. आलेख सांगतो की काहीतरी ठरलेल्या रीतीने चालू आहे, आणि फार तर ते किती लहान जागेत चालू आहे. त्यापुढचे सांगावयाचे तर दुसरी वही जुळवावी लागते, दुसरा साक्षीदार शोधावा लागतो, जे घडले नाही तेही विचारात घ्यावे लागते. आणि एवढे करूनही जेथे खात्री नसेल तेथे 'शक्य' हा शब्द मथळ्यात छापावा लागतो. न दिसणाऱ्या वस्तूबद्दल या मंडळींना इतक्या विश्वासाने बोलता येते, ते या शिस्तीमुळे. तिला पदवी लागत नाही. आमच्याजवळ त्या वेळी ती नव्हती, आणि तिची किंमत दुसऱ्यानेच मोजली.

तो वायरमन पुढे कामावर परत घेतला गेला, आणि आता निवृत्त झाला आहे. त्याची ती वही आमच्या कचेरीत अजून आहे. आठ रात्रींचे आकडे, दर पाच मिनिटांचे, एकही खाडाखोड नाही. नव्या कार्यकर्त्यांना आम्ही ती दाखवितो आणि शेजारी जीआरएस १९१५+१०५ चा पन्नास सेकंदांचा आलेख ठेवतो. दोन्हींत काय सारखे आहे ते त्यांना पटकन दिसते. दोन्हींवरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे सांगावयास मात्र त्यांना वेळ लागतो, आणि तो वेळ आम्ही त्यांना घेऊ देतो. एवढे सांगून वाचकांची रजा घेतो.